हँडल अजून वाकडंच आहे

४ तारीख, शनिवार

गाडी पडली. मी पाडली नाही, पडली. हा फरक या घरात कुणाला कळत नाही म्हणून लिहून ठेवते.

फाटकातून आत आले, नेहमीच्या जागी पायरीशेजारी उभी करायला गेले. डावा पाय टेकवला तर जिथे फरशी असायला हवी तिथे ती नव्हतीच. चार बोटं खाली होती. फरशी बसवणाऱ्याने उतार काढताना लक्ष कुठे ठेवलं होतं कोण जाणे. गाडी डावीकडे कलली. मागे कापडाचा गठ्ठा, टाकी भरलेली. गाडी एका मर्यादेपर्यंत धरायची असते, पुढे सोडायची असते. मी विचार करून सोडली. आवाज मात्र असा झाला की वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. "लागलं का हो?" म्हणे. लागलं असतं तर त्यांना जास्त बरं वाटलं असतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मुलगी धावत आली, तिच्यामागून जावई. हे दोघं गेल्या वर्षी त्यांच्या भाड्याच्या घराचं छत गळायला लागलं म्हणून थोडे दिवस राहायला आले. थोडे दिवस अजून चालू आहेत. घरजावई म्हटलं की मुलगी चिडते, म्हणून मी म्हणत नाही. नुसतं लिहिते. मनात त्याला मी शिडी म्हणते. तेवढा उंच आहे आणि कुणीतरी भिंतीला टेकवून विसरून गेल्यासारखा उभा राहतो.

शिडीने गाडी उचलली. पुढचं चाक फाटकाकडे बघत होतं आणि हँडल भिंतीकडे. क्लचची दांडी वाकलेली.

"आई, या वयात..." मुलीने सुरू केलं.

तिथेच थांबवलं. ही मोटारसायकल घेतली तेव्हा ती दुसरीत होती आणि तिला शाळेत या गाडीवरून मीच सोडत होते. अजूनही लोक विचारतात, मिस्टरांची का? मिस्टरांना सायकलसुद्धा धड येत नव्हती. देवाघरी गेले तेही बाजारातून पायी येताना.

५ तारीख, रविवार

जेवताना जावई म्हणाला, "आई, मी बघू का हँडल? फार काही नसतं त्यात."

हा माणूस बुटांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पायाशी बसतो. आयुष्यात त्याने घट्ट केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाडी. मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही राहू द्या. मेकॅनिक आहेत जगात."

तो हसला. अपमान केला की हसतो, हा याचा फार मोठा दोष आहे. मग मुलीला दुकानातली गंमत सांगायला लागला. काही गिऱ्हाइकांना कुठलाच बूट पसंत पडत नाही. इथे टोचतो, तिथे सैल होतो. अशा वेळी हा आत जातो, जरा वेळ उभा राहतो आणि तोच बूट घेऊन बाहेर येतो. "हा घालून बघा, वेगळा आहे." गिऱ्हाईक म्हणतं, हां, आता कसं! मुलगी हसून हसून बेजार. मी काही हसले नाही. फसवणुकीचं कौतुक मला नाही.

७ तारीख, मंगळवार

मेकॅनिक आला. कानात एक बोळा, तोंडात एक, बोलतो तोही बोळा भरल्यासारखाच.

पुढच्या चाकाला धरणारा जो चिमटा असतो त्याचे दोन पाय वर आणि खाली जाड पट्ट्यांत आवळलेले असतात. गाडी पडली की पाय त्या पट्ट्यांत पिळले जातात. बोल्ट सैल करायचे, चाक गुडघ्यांत धरायचं आणि हँडल उलट बाजूला हिसडायचं. एवढंच काम. त्याने केलं, नाही असं नाही. क्लचची दांडीही बदलली. मग हात पुसत म्हणाला, "झालं बाई."

मी दहा पावलं मागे गेले. उजवा डोळा मिटला आणि बघितलं. कापडावर खडूची रेघ बघायची ती अशीच, एका डोळ्याने. कारखान्यात कटिंग मास्तर होते तेव्हा कापडाच्या शंभर थरांवरची रेघ मी अशी बघत असे आणि मशीन चालवणारे श्वास धरून उभे राहत.

"वाकडं आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"तुमच्या समोर."

त्याने पुढून बघितलं, मागून बघितलं, जमिनीवर उकिडवं बसून बघितलं. "बाई, सरळ आहे हो."

"डावीकडे मान टाकलीय त्याने. आंधळ्यालाही दिसेल."

तेव्हा त्याने दारात उभ्या असलेल्या जावयाकडे बघितलं. पुरुष एकमेकांकडे बघतात तसं. जावयाने नजर खाली घातली. मी दोघांनाही सांगितलं की दोघांना मिळून एक डोळा नाही. मेकॅनिक हत्यारं गोळा करून गेला.

८ तारीख, बुधवार

गाडी चालवून बघितली. हाताला अगदी बरोबर लागते, कुठेही ओढत नाही. पण डोळ्याला वाकडी ती वाकडी. हाताला काय कळतं! हात सवय करून घेतो, डोळा घेत नाही. मी जन्मभर डोळ्यावर जगले.

समोरचा विजेचा खांब मधे वाकला आहे. कुणाचं लक्ष नाही.

९ तारीख, गुरुवार

वर्तमानपत्राची छपाई इतकी खालावली आहे की ओळी एकमेकींत शिरतात. मधोमध शाईचा डाग. पेपरवाल्याला सांगितलं तर म्हणाला, दुसरा देतो. दुसऱ्यातही तेच. न्हाणीघराच्या दाराची चौकटही फुगली आहे, तो सुतार तेव्हाच मला लबाड वाटला होता. हल्ली कुणाला काम सरळ करायचंच नाही. हल्ली म्हणजे या दोन-तीन महिन्यांत तर फारच.

११ तारीख, शनिवार

कारखाना बंद झाल्यापासून मी घरीच कापते. गणवेश शिवणारा एक दुकानदार आहे, त्याचं कापड येतं, मी कापून देते, त्याच्याकडच्या बाया शिवतात. पुढची खोली अख्खी माझ्या टेबलाने व्यापली आहे. मुलीला तिथे सोफा हवा होता. मिळाला नाही.

आज दुकानदाराचा निरोप आला की शिवणाऱ्या बाई तक्रार करतात. पँटीचे दोन पाय जुळत नाहीत म्हणे. त्या बाईंना मी ओळखते. शिवताना टीव्हीवर मालिका बघतात. पाय कसे जुळणार? निरोप आणणाऱ्याला तसंच सांगून पाठवलं.

१२ तारीख, रविवार

शेवटी शिडीच्याच हातात पाना द्यावा लागला. दुसरे दोन मेकॅनिक यायला तयार नाहीत. पहिल्याने गावभर सांगितलं असणार.

सकाळी अंगणात काम काढलं. मला कबूल करायला आवडत नाही, पण बोल्ट त्याने नीट ओळखले. चाक गुडघ्यांत धरलं, लांब पायांचा एवढा तरी उपयोग. हँडल हिसडलं, मग गाडीचं तोंड दोन-चारदा खाली दाबून वर सोडलं म्हणजे चिमटा आपल्या जागी बसावा.

"आता बघा आई."

उजवा डोळा मिटला. "वाकडं."

पुन्हा सैल, पुन्हा हिसडा, पुन्हा दाब. "आता?"

"तसंच."

त्याने दोरी आणली, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणली, दोन्ही बाजूंनी. "दोरीला तर बरोबर येतंय."

"दोरीला काय विचारता? मी इथे उभी आहे ना?"

मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातातला चहा गार होईपर्यंत उभीच. जावई मान घालून खुडबुड करत राहिला. एकदा तर मला वाटलं, याने नुसता पाना फिरवल्यासारखं केलं, हँडल हललंच नाही. तरी मी बघितलं, कारण माझं काम मी प्रामाणिकपणे करते. "थोडं बरं आहे," म्हटलं. मुलीने एकदम तोंडावर हात ठेवला. हसू दाबत असणार.

मग त्याने बराच वेळ काहीतरी केलं, माझ्याकडे पाठ करून.

"आता, आई?"

मी बघितलं. आणि काय सांगू, बरोबर. हँडल समोर, चाक समोर, सुरेख. "हं! आता आलं! इतका वेळ काय करत होता?"

त्याने हँडलकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड असं झालं होतं जणू त्याच्याच हातून गाडी पडली आहे. घामही फार आला होता. एवढ्याशा कामाने माणूस पांढरा पडतो! मी म्हटलं, "झालं ना? मग तोंड कशाला पाडता? थोडं शिकलात आज." तरी तो तसाच. घट्ट करून हात न धुता आत गेला.

मी गाडीवर बसून बघितलं. डावी मूठ जरा जवळ येते, उजवी लांब जाते. होईल सवय.

१३ तारीख, सोमवार

स्वयंपाकघरात कुजबुज. मी गेले की बंद.

मुलगी दिवसभर कुठल्याशा कंपनीच्या फोनवर "मी आपली काय मदत करू शकते?" म्हणत असते. आज तोच आवाज माझ्यावर लावला. "आई, चष्म्याचा नंबर कधी तपासला होतास गं?"

"मला लांबचं दिसतं आणि जवळचंही. तुमचं काय शिजतंय तेही दिसतं."

"आई, एकदा नुसतं डोळ्यांच्या डॉक्टरकडे..."

"माझे डोळे बघूनच कारखाना चालायचा."

ती उठून गेली. आता कळलं. गाडी सरळ झाली तर म्हातारी बाहेर हिंडेल, म्हणून डोळे खराब. उद्या म्हणतील गुडघे, परवा डोकं. मग टेबल हलवून सोफा. पायरी पायरीने चाललं आहे सगळं, आणि शिडी आहेच घरात.

१६ तारीख, गुरुवार

गाडीची किल्ली खुंटीवर नाही.

विचारलं तर मुलगी म्हणाली, "माहीत नाही." खोटं बोलताना ती लहानपणापासून कान खाजवते. जावई म्हणाला, "माझ्याकडे आहे, आई." निदान खोटं बोलला नाही. "थोडे दिवस राहू द्या माझ्याकडे."

"का?"

"हँडल... मला अजून खात्री नाही."

"मला आहे. मी सांगितलं ना सरळ आहे?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. माझ्या घरात राहून, माझ्या ताटात जेवून, माझीच किल्ली! लोकांच्या पायाशी बसणाऱ्याने डोक्यावर बसायला बघू नये, असंही बोलले. मुलगी रडायला लागली. तो नुसता उभा. त्याने एकदा तरी उलट बोलावं असं मला वाटत होतं. उलट बोलणाऱ्याशी भांडता येतं. हा भिंतीसारखा, आपलंच डोकं दुखतं.

१७ तारीख, शुक्रवार

दुसरी किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात असते. या घरात शिवणाच्या डब्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

दोघं कामावर गेली आणि मी निघाले. गाडी सारखी एका अंगाने जात होती. मी समोर बघून हँडल समोर ठेवायची आणि गाडी कडेला सरकायची. सरळ जायचं तर हँडल तिरकं धरावं लागत होतं. खांदा भरून आला. टायरमध्ये हवा कमी असेल म्हणून सोडून दिलं.

दुकानदाराने बसायला खुर्ची दिली. एरवी देत नाही. शिवणाऱ्या बाईही तिथे होत्या. मालिका वगैरे काही चालू नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मास्तर," दुकानदार म्हणाला, "रागावू नका. या वेळचं कटिंग तुम्हीच केलंत का?"

"मग कोण करणार?"

त्याने पँटीचे दोन पाय न शिवलेले माझ्यासमोर टाकले. मी बघितले. मला काही वेगळं दिसलं नाही, आणि तसं म्हणणार होते. पण हात सवयीने गेला. एकावर एक ठेवून कडेवरून बोट फिरवलं. बोट मधेच खाली उतरलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा उतरलं. पुढचा जोड घेतला, त्याचंही तसंच, त्याच जागी.

"कापड आटलं असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. हा माणूस माझ्याशी दर वेळी वाद घालतो. आज म्हणाला, असेल.

येताना बुटांच्या दुकानाच्या गल्लीत बॅगा शिवणाऱ्याच्या गाड्याला धडकले. गाडा रस्त्याच्या मधोमध उभा करायची रीत आहे का? बॅगा सगळ्या खाली, गाडी माझ्या पायावर, लोक गोळा. बॅगवाला ओरडत होता की गाडा भिंतीला टेकलेला आहे, बाई भिंतीत घुसल्या. मी त्याला खोटारडा म्हणाले. मग मान वळवून बघितलं. गाडा भिंतीलाच टेकलेला होता.

जावई समोरच्या दुकानातून अनवाणी धावत आला. कुणाच्या तरी पायात बूट घालताघालता उठला असावा, टाच आत सरकवायचं शूहॉर्न हातात तसंच. गाडी उचलली, माझा पाय चाचपून बघितला, घोटा फिरवून बघितला. त्या कामात हात तयार आहे, हे मान्य. बॅगवाल्याच्या बॅगा उचलून दिल्या.

घरापर्यंत त्याने गाडी ढकलत आणली, मी मागून चालत. हँडल एकीकडे आणि गाडी दुसरीकडे, त्याला किती जोर लावावा लागतो आहे ते मागून दिसत होतं. मी सारखी वाट बघत होते की आता बोलेल. फाटकाशी फक्त म्हणाला, "पायरी आहे, आई. सांभाळून."

१८ तारीख, शनिवार

पाय सुजला आहे. मोडलेला नाही.

मुलगी पलंगाशी येऊन बसली. फोनचा आवाज नव्हता, तिचा स्वतःचा होता. "आई, रविवारी त्याने हँडल सरळ केलं होतं. मी बघितलं, दोरीने बघितलं. तू वाकडं म्हणालीस. मग त्याने काही न करता विचारलं, तर तू म्हणालीस थोडं बरं. मग त्याने मुद्दाम वाकडं केलं. आणि तू म्हणालीस, आता आलं."

मग जे चढलं ते चढलं. मला गिऱ्हाईक केलं? तोच बूट पुन्हा घालून दाखवला मला? माझ्या अंगणात, माझ्या गाडीवर माझी परीक्षा घेतली या बुटवाल्याने?

तो दारात होता. नेहमीसारखा हसला नाही. "परीक्षा म्हणून नाही केलं. मला खरंच कळत नव्हतं, तुम्हाला काय दिसतंय ते. आणि कळल्यावर मी ते तसंच ठेवलं, ही माझी चूक. सरळ करून ठेवायला हवं होतं. पण तुम्ही एकदा बरोबर म्हटल्यावर मला हात लावायचा धीर झाला नाही. किल्ली घेतली की झालं, असं वाटलं." त्याचा आवाज फाटला. "काल तुम्ही गाड्याऐवजी कुणा माणसावर गेला असतात तर, आई? किंवा ट्रकखाली?"

म्हणजे उलट बोलला एकदाचा. मला वाटलं होतं तेवढं बरं नाही वाटलं.

"बाहेर व्हा," मी म्हटलं. दोघं झाली.

मग मी पडल्यापडल्या छताच्या कडेकडे बघत राहिले. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की बरी. उजवा मिटला की कडेला पोट येतं. डावा मिटून बघायचं मनात आलं. नाही बघितलं. भीती वाटली म्हणून नाही. भीती वाटली म्हणूनच, खरं लिहायचं तर.

२० तारीख, सोमवार

डोळ्यांचा दवाखाना. भिंतीवर डोळ्यांचीच चित्रं, सोललेल्या फळांसारखी. बाकावर सगळे गॉगल लावून बसलेले, जसे काही सगळे समुद्रावर निघालेत. डॉक्टर म्हणजे एक मुलगी, माझ्या मुलीहून लहान, केसांना रबर लावलेली. हिला कोण डोळे दाखवणार असं मनात म्हटलं आणि दाखवले.

तिने हातात एक कागद दिला. चौकटी चौकटींचा, मधे एक ठिपका. "उजवा डोळा झाका, ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं सांगा."

रेघा मधे वाकलेल्या, जणू खालून कुणी बोट लावून कापड उचललंय. ठिपक्याच्या बाजूला मळकट डाग.

"छपाई वाईट आहे," मी म्हटलं.

मुलगी आणि जावई मागे उभे होते. कुणी हसलं नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाली. "आता डावा झाका."

रेघा सरळ. एक नि एक. चांगल्या हाताने आखाव्यात तशा.

"तुम्ही कागद बदललात," मी म्हटलं.

"नाही."

"बदललात."

"कागद तुमच्याच हातात आहे, आजी."

होता खरा. अंगठ्याचा ठसाही उमटला होता घामाचा. मी पुन्हा उजवा झाकला. वाकड्या. डावा झाकला. सरळ. किती वेळा केलं माहीत नाही. तिने कागद मागितला नाही, घाई केली नाही, एवढं मात्र त्या मुलीचं मानते.

मग मनात एकेक यायला लागलं. खांब, चौकट, पेपर, फरशी. बोळ्यांचा मेकॅनिक. टीव्ही न बघणारी ती बाई. पँटीचे किती पाय गेले असतील, आणि कुणाकुणाला मी आंधळं म्हटलं.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात पाणी झिरपतं आहे म्हणे, त्याने पडद्याला फुगवटा आला आहे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, दर महिन्याला. गेलेलं कदाचित परत येणार नाही. उरलेलं बहुधा राहील. उशीर झाला आहे, फार नाही.

"गाडी?" मी विचारलं.

"सध्या नाही. उजवा चांगला आहे. काही महिन्यांनी बघू. पण आज मी हो म्हणणार नाही."

जावई म्हणाला, "कटिंग?"

मला विचारायचा धीर झाला नव्हता. त्याने विचारलं.

"उजव्याने बघायची सवय करा," ती म्हणाली. "होईल हळूहळू."

२३ तारीख, गुरुवार

डोळ्यात सुई. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. औषध टाकून बधिर करतात, दुखत नाही, पण सुई येताना दिसते. जगात इतक्या जागा असताना!

मुलगी आत यायला घाबरली. जावई आला. त्याचा हात मी धरला नव्हता, टेबलाची कड समजून धरला. बाहेर आल्यावर तो बोटं चोळत होता.

२४ तारीख, शुक्रवार

दुकानदाराला निरोप पाठवला की कापड वाया गेलं ते माझ्यामुळे, आणि शिवणाऱ्या बाईंना तसं सांगा. माझ्या शब्दांत सांगा, म्हटलं. त्याने काहीतरी गुळमुळीत सांगितलं असणार. मीच जाईन. पायी.

२९ तारीख, बुधवार

जुनं कापड घेऊन, डावा मिटून, रेघ मारली. उजवा डोळा अगदी नवशिका आहे. तीस वर्षं आराम करत होता, आता काम सांगितलं की पाणी गाळतो. दोनदा रेघ चुकली, तिसऱ्यांदा जरा बरी. कापून, दुमडून, बोटाने बघितलं. बोट कुठे उतरलं नाही. कुणाला दाखवलं नाही.

बॅगवाल्याला मुलीच्या हातून एक बॅग दुरुस्तीला पाठवली. चांगली होती, मी तिची शिवण उसवली. त्याने सरळ घातली शिवण. तो तरी सरळ घालतो.

२ तारीख, रविवार

गाड्याला धडकल्यापासून गाडी अंगणात तशीच उभी होती, मान वाकडी करून. जाता-येता दिसायची. कुणी हात लावत नव्हतं. मुलगी तिच्याकडे न बघता फाटक उघडायची.

सकाळी पाने काढले आणि पायरीवर ठेवले. जावई दाढी करत होता, अर्ध्या साबणाने बाहेर आला.

"आई, तुम्हाला चालवायची नाहीये ना अजून?"

"नाही. म्हणून वाकडी ठेवायची? घरात वाकडं उभं राहिलेलं मला चालत नाही. तुम्हीही सरळ उभे राहा."

तो चक्क ताठ उभा राहिला. मग दोघं हसलो, तो आधी.

बोल्ट सैल केले. चाक गुडघ्यांत धरलं. मी हँडलची एक मूठ धरली, नुसती धरली, जोर त्याचा. एक हिसडा, थोडं जास्त झालं, थोडं मागे. गाडीचं तोंड दाबलं, सोडलं, दाबलं. मुलगी दोरीचं एक टोक धरून मागच्या चाकाशी बसली. या वेळी दोरीला काय वाटतं ते मी ऐकून घेतलं.

"बघून घ्या आई," तो म्हणाला. पाना हातात धरून थांबला.

मी मागे गेले. सवयीने उजवा डोळा मिटला. इतक्या वर्षांची सवय, मिटतोच. हँडल वाकडं. डावीकडे मान टाकलेलं, अगदी पहिल्या दिवशीसारखं. डावा मिटून बघितलं असतं तर काय ते कळलं असतं. नाही बघितलं. दोन्ही उघडे ठेवले आणि त्याच्याकडे बघितलं. कपाळाला आणि पान्यालाही साबण लागला होता.

"तुला काय दिसतंय?" मी विचारलं.

तो दचकला. मी त्याला काही विचारते याची त्याला सवय नाही. पुन्हा वाकला, हँडल बघितलं, चाक बघितलं, पुन्हा हँडल. घाई केली नाही.

"सरळ आहे, आई."

"नक्की?"

"नक्की."

"मग आवळ," मी म्हटलं. "खालचे आधी."